उदोउदो की टिमकी?

अमेरिकेतल्या जुन्या शहरांबद्दल मराठीत लिहायला बसलात, की ‘बूस्टरिझम’ हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आडवा येतोच. आपल्या गावाची तोंडभर तारीफ, पण निव्वळ प्रेमापोटी नव्हे. प्लॉट खपावेत, रेल्वे इकडेच वळावी म्हणून. असं एक भाषांतर करताना मी आधी ‘उदोउदो’ घेतला आणि अर्ध्यावर सगळं खोडून ‘टिमकी’वर आलो.

‘बूस्टरिझम’ तसाच ठेवायलाही हरकत नव्हती. पण मसुदा वाचून वहिनींनी विचारलं, “यात मध्येच लशीचा डोस कुठून आला?” तो विषय तिथेच मिटला.

उदोउदो कानाला गोड, यात वाद नाही. देवीच्या दारातला शब्द, मागे संबळ वाजत असल्यासारखा. सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथमध्ये वस्ती तुरळक होती, तेव्हाच, १८६८ साली, पत्रकार थॉमस फॉस्टर यांनी भाषणात तिला ‘बिनमिठाच्या समुद्रांची शिरोमणी नगरी’ करून टाकलं. याला उदोउदो नाही तर काय म्हणायचं?

अडलं ते माणसापाशी. बूस्टर म्हणजे हे सगळं करणारा, आणि तो दर परिच्छेदात हजर. ‘शहराचा उदोउदो करणारी मंडळी’, ‘उदोउदो करणाऱ्या व्यापाऱ्यांनी’, ‘उदोउदो करणाऱ्यांपैकी काहींनी’... बाराव्या पानापर्यंत मीच वैतागलो. ‘उदोउदोकार’ करून पाहिला, तर तो आरत्या रचणारा वाटायला लागला. ‘टिमकीवाले’ लिहिलं आणि वाक्यं सुटसुटीत झाली. शिवाय उदोउदो बहुधा दुसऱ्याचा असतो, टिमकी आपली आपण वाजवतो. ज्याचे प्लॉट पडून आहेत तोच वाजवतोय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

टिमकीत थोडी कुचेष्टा आहे, हे मान्य. १८७१ मध्ये केंटकी राज्याचे खासदार प्रॉक्टर नॉट यांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात डुलुथची अशी काही टर उडवली, की गावाचं नाव देशभर झालं; शेजारच्या गावाला पुढे त्यांचंच नाव मिळालं, ते आजचं प्रॉक्टर. टिंगलीचीही जाहिरात करणाऱ्या या बेरक्या लोकांना नुसतं टिमकीवाले म्हणणं जरा अन्यायाचंच.

चार ओळींचा ललित मजकूर असेल तर खुशाल उदोउदो ठेवा. लांबलचक काम असेल, तर आधी ‘टिमकीवाले प्लॉट विकायला निघाले’ आणि ‘शहराचा उदोउदो करणारे प्लॉट विकायला निघाले’ ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने वाचून बघा.