खावटीसाठी कुठला अर्ज करावा : १४४, २४ की डी.व्ही.?

नवरा वेगळा राहतो, घरखर्च देत नाही आणि मूल तुमच्याजवळ आहे. अशा वेळी खावटी मागायला मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं आणि कोर्टात बरेच जण अजूनही ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. दुसरी हिंदू विवाह कायद्याचं कलम २४, तिसरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, म्हणजे डी.व्ही. ‘जास्त रक्कम कुठे मिळेल?’ या प्रश्नात फारसा वेळ घालवू नका. दोघांचं उत्पन्न, राहणीमान आणि मुलाचा खर्च हेच तिन्हीकडे पाहतात. खरा फरक वसुलीत पडतो, आणि खावटीसोबत आणखी काय पदरात पडतं त्यात.

कलम १४४ ला दुसरा कुठलाही दावा चालू असण्याची गरज नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात जातो, इतरत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्ही राहता त्या ठिकाणीही तो करता येतो. धर्माची अट नाही; घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही हा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मुलाच्या आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क शाबूत राहतो. या कलमाची धार वसुलीत आहे. पैसे थकले की वॉरंट निघतं, एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही.

मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकत १४ महिने थांबलात, तर पहिल्या दोन महिन्यांचे पैसे या वाटेने हातचे गेले. दुसरा खड्डा स्टॅम्प पेपरचा. ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असा कागद नातेवाइकांच्या बैठकीत सही करून दिला जातो, आणि परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला हे कलम खावटी नाकारतं. असा कागद समोर आला तर आधी वकिलाला दाखवा.

कलम २४ तेव्हाच वापरता येतं, जेव्हा घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा किंवा तत्सम प्रकरण हिंदू विवाह कायद्याखाली चालू आहे. नवऱ्यानेच दावा लावला असेल तर हीच वाट सोयीची: त्याच प्रकरणात अर्ज द्यायचा आणि खावटीबरोबर दाव्याचा खर्चही मागायचा. मुलासाठी कलम २६ चा उल्लेख अर्जात आवर्जून करा. आदेश असूनही तो पैसे भरत नसेल, तर त्याचा दावा थांबवण्याची किंवा त्याचा बचाव रद्द करण्याची मागणी करता येते. घटस्फोटाची घाई झालेल्या माणसावर वॉरंटपेक्षा याचा परिणाम लवकर होतो. उणीव अशी की ही खावटी दाव्यासोबत संपते. पुढची सोय हवी असेल तर कलम २५ खाली कायमची पोटगी वेगळी मागावी लागते. कमाई नसलेला नवराही कलम २४ खाली अर्ज करू शकतो, हे नोकरी करणाऱ्या बायकांनी ध्यानात ठेवावं. गोव्यातल्या कुटुंबांना बहुधा ही वाट नाही. तिथे लग्न आणि घटस्फोटाला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे.

डोक्यावरचं छप्परच धोक्यात असेल तर डी.व्ही. घराबाहेर न काढण्याचा किंवा पर्यायी जागेच्या भाड्याचा आदेश, मुलाचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात बसतं. मारहाणच हवी असं नाही, घरखर्च रोखणं हीदेखील कायद्याने आर्थिक हिंसा आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात. नवरा पगारदार असेल तर त्याच्या मालकाला थेट तुमच्या खात्यात रक्कम भरायला कोर्ट सांगू शकतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत हे कायद्यातलं वेळापत्रक प्रत्यक्षात क्वचित पाळलं जातं. त्यात सासू, सासरे, दीर, नणंदा, परगावची आत्या असे सगळे सामनेवाले केले की एकेकाच्या समन्स बजावणीतच तारखा जातात. ज्यांच्याविरुद्ध खरोखर आदेश हवा आहे तेवढीच नावं घाला.

तेव्हा राहायला जागा नसेल किंवा नवरा पगारदार असेल तर आमचा कल डी.व्ही.कडे. त्याचा स्वतःचा धंदा असेल आणि तो टाळाटाळ करणारा असेल तर १४४. दावा चालूच असेल तर २४. तिन्ही अर्ज एकदम करता येतात, पण तिप्पट पैसे मिळत नाहीत. आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या कोर्टाला द्यावीच लागते आणि रक्कम वळती होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे अर्ज लांबवलेला प्रत्येक महिना तुमचा तोटा. ‘दरमहा ३०,००० हवेत’ असा गोल आकडा टिकत नाही. शाळेची फी, व्हॅन, औषधं, भाडं यांच्या पावत्या लावा. त्याच्या बाजूने सातबारा, जीएसटी नोंदणी, गाडीचे हप्ते शोधा. तुमची नोकरी लपवू नका, बँकेच्या उताऱ्यात ती दिसतेच. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य मानली गेली होती. तो अंदाजाचा आधार आहे, हक्काचा आकडा नव्हे.

महिलांना वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि पुढे तडजोडीने घटस्फोट घेताना ‘मुलासाठी काहीही मागणार नाही’ असं लिहून द्यायची वेळ आलीच, तर तो हक्क मुलाचा आहे. आईने सोडून दिला तरी मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे अर्ज करता येतो.