कुर्ल्यातले बिनपाटीचे वर्कशॉप आणि बॉबकॅटचे गळके एक्सल

आमच्या स्किड स्टीअर लोडरच्या (गाळ-डेब्रिज उचलणाऱ्या छोट्या यंत्राच्या) उजव्या बाजूचे दोन्ही एक्सल सील, म्हणजे चाकाच्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीतील एका वर्कशॉपमध्ये बदलून घेतले, त्याला चार महिने होत आले. (यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, साइटवर त्याला सगळे ‘बॉबकॅट’च म्हणतात.) तेव्हापासून यंत्राने नालेसफाईचा हंगाम आणि नंतरचे डेब्रिज उचलण्याचे काम पार पाडले, तरी रिमच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसलेला नाही. वर्कशॉपला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. हंगामाच्या तोंडावर आम्ही एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथे हब काढून जुने सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटले, नवे हातोडीने ठोकून बसवले आणि संध्याकाळी यंत्र परत दिले. तिसऱ्याच आठवड्यात त्याच जागी धूळ आणि तेल मिळून झालेला काळा लेप पुन्हा दिसू लागला. विचारायला गेलो, तर ‘सीलच खराब निघाले’ हे उत्तर मिळाले.

कुर्ल्याच्या मिस्त्रींनी सीलला हात लावण्याआधी बाकीचे सगळे तपासले. भुजा खाली टेकवून, यंत्र जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवल्यावर त्यांनी चाकाखाली पहार घालून ते वर-खाली हलवले, तेव्हा मागच्या एक्सलचा प्ले, म्हणजे सैलपणा, मला लांबूनही दिसला. हे यंत्र पुढची चाके वळवून वळत नाही. एका बाजूची चाके थांबवून किंवा उलटी फिरवून ते जागेवर घसटत वळते आणि तो सगळा आडवा ताण एक्सलच्या टेपर रोलर बेअरिंगवर येतो. बेअरिंग झिजले की शाफ्ट (एक्सलचा दांडा) मध्यावर राहत नाही, सीलची ओठासारखी रबरी कड एका बाजूने दाबली जाते, दुसऱ्या बाजूने सुटते आणि चेन केसमधले (चाके फिरवणाऱ्या चेनच्या बंद पेटीतले) तेल तिथून बाहेर पडते. अशा शाफ्टवर कितीही महागडे सील घातले, तरी ते फार दिवस टिकणार नाही.

चाक आणि हब उतरवल्यावर आत जे निघाले, ते नालेसफाईचे काम करणाऱ्यांनी पाहून ठेवावे असे होते. नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या आणि थोडा मांजा एक्सलभोवती गुंडाळून, घर्षणाच्या उष्णतेने वितळून त्याचे काळे कडे झाले होते आणि ते सीलच्या कडेत घुसले होते. मिस्त्रींनी ते ब्लेडने कापून काढले, शाफ्ट पुसला आणि माझे नख त्यावरून फिरवायला सांगितले. नख अडकले. सील जिथे घासते, तिथे चर पडली होती; शेजारी एक आडवा ओरखडाही होता, बहुधा आधीच्या स्क्रू ड्रायव्हरचा.

त्यानंतर चेन केसमधले तेल काढून, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) आणि चेन सोडवून दोन्ही एक्सल बाहेर घेतले, बेअरिंग कपांसकट (बाहेरच्या कड्यांसकट) बदलले आणि चर पडलेल्या जागी पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे आवरण, चढवली. सील आणि बेअरिंग मी स्वतः नागदेवी स्ट्रीटवरून आणली. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे कोरलेले असतात, ते जुळवायचे. पण तेवढे जुळले म्हणून भागत नाही, बाहेरच्या बाजूला धूळ अडवणारी दुसरी कडही हवी. माझ्या पहिल्या फेरीतले सील एकाच कडेचे निघाले आणि मिस्त्रींनी ते परत पाठवले. तेव्हा चिडचिड झाली, आता होत नाही. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, कडेला तेल लावून, सीलच्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने ते चारी बाजूंनी सारखे आत सरकवले. चेन केसमध्ये तेलही लेव्हलच्या बोल्टपर्यंतच भरले. आमचा ऑपरेटर ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून वर ओततो, ती सवय त्यांनी त्याच्यासमोरच मोडून काढली.

दोन्ही एक्सलची मजुरी साडेसात हजार झाली. सामान आणि तेल वेगळे. पहिल्या गॅरेजपेक्षा ही रक्कम जास्त असली, तरी तिथले काम दोनदा करावे लागले असते, हे धरता महाग म्हणवत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र नाराजी आहे: दोन दिवस सांगून चार लागले आणि त्यातला एक दिवस पूर्णपणे लेथवाल्याची (लोखंडी भाग कातून देणाऱ्याची) वाट पाहण्यात गेला. गल्लीत ट्रेलर शिरत नाही, म्हणून यंत्र मुख्य रस्त्यावर उतरवून चालवत न्यावे लागते आणि सकाळी आठनंतर ते जवळपास अशक्य आहे.

परत देताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकांचे नट पुन्हा आवळायचे आणि धुताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबमागे मारायचा नाही. नाल्यातून यंत्र बाहेर आले की चाकामागे गुंडाळलेले काढायचे, हे आम्ही स्वतःहून जोडले आहे; त्यासाठी ऑपरेटरकडे आकडीसारखी वाकवलेली सळई दिली आहे. बिलावर फक्त ‘सील २ नग, मजुरी’ एवढेच लिहून मिळाले, त्यामुळे सील-बेअरिंगचे नंबर आणि तारीख मी यंत्राच्या वहीत वेगळी नोंदवली. डाव्या बाजूचे काम दिवाळीनंतर तिथेच करायचे ठरले आहे, फक्त या वेळी लेथवाल्याची वेळ आधी घेऊन.