जुनी गाडी, नवा फोन: ऑक्सची वायर की एफएम ट्रान्समीटर?

मामेभावाने जुनी गाडी घेतली. फोनवरची गाणी तिच्या स्टिरिओवर ऐकायला थेट जोडायची ऑक्सची वायर घ्यावी, की फोनचा आवाज मोकळ्या एफएम फ्रिक्वेन्सीवरून गाडीच्या रेडिओला पाठवणारा ट्रान्समीटर, यात अडकलाय. आधी स्टिरिओच्या तोंडावर किंवा गाडीत आणखी कुठे 3.5 मिमीचं, हेडफोनच्या पिनेचं ऑक्सचं भोक आहे का ते बघ, म्हटलं. नसेल आणि स्टिरिओही उघडायचा नसेल, तर वायरीचा विषयच मिटला.

आवाजात वायरच पुढे. एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वरचे सूर येतच नाहीत. त्यात लांबच्या प्रवासात मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी पुढे एखादं स्टेशन बळकावतं, की खरखर सुरू! खोक्यावरचं ‘सीडीसारखा आवाज’ वगैरे सोडून द्या. वायरचीही एक खोड आहे: फोन गाडीतच चार्जिंगला लावला, तर कधीकधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी घूं ऐकू येते. वायरीच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही घूं अडवणारी छोटी डबी, जोडला की ती सहसा जाते.

खर्च दोन्हींचा किरकोळ. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर वायरीसाठी अ‍ॅडॉप्टर वेगळा. वायर पिनेपाशी तुटते, पण बदलणं सोपं.

गाण्याचा कान असेल, प्रवास लांबचे असतील, तर वायर. ऑक्स नाही, स्टिरिओ उघडायचा नाही आणि बातम्या, गप्पाच ऐकायच्या, तर लायटरच्या सॉकेटात खुपसायचा ट्रान्समीटर पुरे. कॅसेट प्लेअर धड चालत असेल तर मात्र आधी फोनला वायरीने जोडून प्लेअरमध्ये सरकवायचा कॅसेट अ‍ॅडॉप्टर शोधा. स्टेशनांशी भांडण नको.