चेंबूरच्या आमच्या शाळेचं सायन्स: फिजिक्सला चार स्टार, केमिस्ट्रीला दीड

मुलगी यंदा दहावीला आहे, एसएससी बोर्ड, सेमी इंग्लिश, शाळा प्रायव्हेट. नाव टाकत नाही कारण पोरगी अजून तिथेच आहे. बरेच जण आठवीच्या अ‍ॅडमिशनसाठी विचारतात म्हणून फक्त सायन्सबद्दल लिहितेय, गॅदरिंग, स्पोर्ट्स वगैरे ठीकठाकच.

आधी फिजिक्सचे सर. माणूस जबरदस्त. नववीला ओहमचा नियम (व्होल्टेज वाढवलं की करंट त्याच प्रमाणात वाढतो, ग्राफ सरळ रेघ) आला तेव्हा त्यांनी चार-चार पोरांचे ग्रुप करून सेल, अ‍ॅमीटर (करंट मोजायचा), व्होल्टमीटर, रिओस्टॅट (करंट कमी-जास्त करायचा) सगळं त्यांच्याच हातात दिलं, जोडा म्हणाले. हिच्या ग्रुपने अ‍ॅमीटर सिरीजऐवजी पॅरललमध्ये लावला आणि काटा फाटकन शेवटाला जाऊन आपटला. ओरडा बसेल असं वाटलं होतं पण सरांनी शांतपणे सर्किट बंद केलं आणि म्हणाले असं का झालं ते सांगा, मग पुढचं. घरी येऊन ही मला कुकर लावताना समजावत होती की अ‍ॅमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो ना आई, म्हणून करंट तिकडूनच पळतो. आणि ग्राफ काढल्यावर ज्याचे सगळे ठिपके अगदी रेघेवर आले त्यालाच सरांनी उभं केलं, "रीडिंग घेतलंस की बनवलंस?" खऱ्या रीडिंगचे ठिपके थोडे इकडेतिकडे होणारच, मला तर हे बीएस्सीला कळलं, तेही उशिरा.

आता केमिस्ट्री. लॅब आहे, अ‍ॅडमिशनच्या वेळी कौतुकाने दाखवतातही, काचेची कपाटं, बाटल्यांवर नवीकोरी लेबलं. पण आधीचे लॅब असिस्टंट सोडून गेले त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, वर्गात साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा पिरियड, त्यातली दहा मिनिटं चौथ्या मजल्यावर चढण्यात जातात, मग मॅडम सरळ स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावतात. कॉपर सल्फेटमध्ये झिंक पावडर टाकली की निळा रंग उडतो आणि तळाला लालसर तांबं बसतं, एवढं पोरांनी व्हिडिओत बघितलं. पण टेस्ट ट्यूब हाताला गरम लागते ते कसं कळणार हो व्हिडिओत? आणि जर्नल मागच्या बॅचच्या ताईच्या जर्नलवरून उतरवायचं, ऑब्झर्वेशन्स तीच, स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच, मॅडमची सही मात्र ताजी.

मीटिंगमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की सेफ्टीचा प्रश्न आहे आणि मार्कांना काही फरक पडत नाही. ते खरंही आहे म्हणा. दोन पेपर चाळीस-चाळीसचे आणि प्रॅक्टिकलचे वीस शाळेच्याच हातात, तिथे सगळ्यांना अठरा-एकोणीस मिळतात, मग लॅबची कटकट कोण करेल.

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची (शाळेबाहेरची सायन्सची स्पर्धा परीक्षा) हौस मात्र भारी. सहावी आणि नववीला असते ती. शाळा निवडक पोरांना वेगळे क्लास लावते, वेगळी फी, आणि मेडल मिळालं की गेटवर मोठा फ्लेक्स. त्यातपण गंमत बघा, लेखीतून वर गेलं की पुढची फेरी प्रॅक्टिकलची असते आणि आमची पोरं तिथेच गळतात, आता का ते शाळेनेच शोधावं.

सहल वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेली होती, पोरांना आवडली, पण सगळा वेळ लाइन लावण्यात आणि डबे खाण्यात. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र इथे मानखुर्दला, हार्बर लाइनने चेंबूरपासून दोन स्टेशनं, सायन्स-मॅथ्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी, म्हणजे ऑलिम्पियाडसाठी, देशभरातली पोरं तिथे कॅम्पला येतात, आणि आमच्या शाळेला ते कुठे आहे हेही माहीत नसावं. इकडे चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, तिथेही कोणाला नेलेलं मी तरी ऐकलं नाही.

अ‍ॅडमिशनला जाणार असाल तर लॅब बघून भुलू नका. मागच्या वर्षीची दोन-तीन जर्नल्स मागा आणि शेजारी ठेवून वाचा. लॅब असिस्टंट आहे का ते ऑफिसात नाही, शिपाईकाकांना विचारा.

डिसेंबरमध्ये दहावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या बॅचेस लावणार असं परवा सर्क्युलर आलंय. खरंच लावल्या तर इथे येऊन एक स्टार वाढवेन.