सुट्या भागांचं आरोग्ययंत्र: नागपूरचा एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

हे यंत्र गेल्या दिवाळीच्या तोंडावर घेतलं, त्याला आता नऊ महिने होतील. बाबा 74 वर्षांचे. त्यांना मधुमेह अठरा वर्षांपासून आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गेल्या दोन वर्षांत डावा पाय चालताना भरून येतो. पूर्वी अंबाझरीच्या बागेत ते दोन फेऱ्या न थांबता मारायचे. आता अर्ध्या फेरीतच बाकावर बसावं लागतं. त्यांच्या पायाकडे घरच्या घरी लक्ष ठेवता यावं, हाच घेण्यामागचा हेतू होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे यातलं लेसरचं मॉड्यूल पाहून मला जास्तच ओढ वाटली, हेही खरं.

तळहाताएवढी एक मुख्य डबी असते. तिला चुंबकाने चिकटणारे चार भाग आहेत: बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप, ईसीजीची पट्टी, दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा आणि त्वचेतला रक्तप्रवाह मोजणारं लेसर मॉड्यूल. सगळं मिळून साडेअठरा हजार पडले. प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो आणि वेगळा बदलता येतो. घेताना या गोष्टीकडे माझं फारसं लक्ष नव्हतं. आज कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा तीच सांगेन.

आधी लेसरविषयी, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच झाली.

मॉड्यूलच्या तोंडाशी 850 नॅनोमीटर तरंगलांबीचा बारीक लेसर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं तर फिकट जांभळा ठिपका दिसतो. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांना काही होणार नाही नं?" तिची शंका योग्यच होती. दिसणारा प्रकाश डोळ्यांवर पडला की पापणी आपोआप मिटते, न दिसणाऱ्याला ती मिटत नाही. यंत्रावर 'क्लास 1' असं लिहिलेलं आहे. नेहमीच्या वापरात डोळ्यांना धोका होणार नाही इतकी त्याची शक्ती मर्यादित असते, असा त्याचा अर्थ. तरी मॉड्यूल पायाला टेकवल्यावरच लेसर चालू करायचा, असा नियम मी घरात घातला.

इतक्या छोट्या वस्तूत लेसर बसतो यामागे मोठी वाटचाल आहे. थिओडोर मेमनने 1960 साली माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर बनवणारे चंद्रकुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मुलं सरसावून बसतात. चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडणाऱ्या लेसरची कल्पना जपानच्या केनिची इगांनी 1977 साली मांडली. आज मोबाइल चेहरा ओळखतो तो याच जातीच्या लेसरांमुळे, आणि बाबांच्या पायाच्या अंगठ्याला टेकतो तोही त्याच घराण्यातला.

मोजमाप कसं होतं? लेसरचा प्रकाश त्वचेत साधारण मिलिमीटरभर शिरतो. काही प्रकाश स्थिर पेशींवर आपटून जसाच्या तसा परततो. काही चालत्या तांबड्या रक्तपेशींवर आपटतो आणि त्याची वारंवारता अगदी थोडी बदलते. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या भोंग्याचा सूर चढतो, तोच हा डॉप्लर परिणाम. हा बदल फार तर काही हजार हर्ट्झचा असतो आणि मूळ प्रकाशाची वारंवारता शेकडो लाख कोटी हर्ट्झ! एवढा सूक्ष्म फरक थेट मोजता येत नाही. पण बदललेला आणि न बदललेला प्रकाश एकमेकांत मिसळला की त्यांच्यात ठोके उमटतात, म्हणजे उजेड एका लयीत कमी-जास्त होतो, आणि ते ठोके यंत्र मोजतं. यासाठी एकाच रंगाचा, एका तालात चालणारा प्रकाश लागतो. साधा एलईडी इथे चालत नाही.

इथे एक गोष्ट खरेदीआधीच ठळकपणे सांगायला हवी होती, पण ती माहितीपत्रकात शेवटच्या पानावर आहे. येणारा आकडा मिलिलिटरमध्ये नसतो. त्याला खऱ्या अर्थाने एकक नाही, तो नुसता तुलनेसाठी आहे.

नोव्हेंबरअखेर बाबांच्या डाव्या अंगठ्याचा आकडा 34 च्या आसपास येत होता. जानेवारीतल्या पहाटे तो 22 वर उतरला. मार्चमध्ये 41 झाला. मे महिन्यात तर 60 ओलांडून गेला. बाबा खूश झाले. "पाहून राहिली नं? पाय सुधरून राहिला," असं ते शेजाऱ्यांनाही सांगू लागले. मीही मनातून हरखले होते. रोजच्या चालण्याचा आणि सुधारलेल्या साखरेचा हा परिणाम असणार, असं मी धरून चालले.

जूनमध्ये डॉक्टरांकडे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना झाली. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, एवढा साधा तो हिशेब. भागाकार 0.9 च्या खाली गेला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं समजतात. डिसेंबरात डाव्या पायाचा आकडा 0.85 होता, जूनमध्ये 0.84 आला. म्हणजे धमनी जशी होती तशीच होती. मग लेसरचा आकडा तिप्पट कसा झाला?

उत्तर आमच्या गच्चीवरच्या उन्हात होतं. नागपूरचा मे म्हणजे 45 अंश हे नवल नाही. शरीर तापलं की उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, आणि जानेवारीच्या थंडीत त्याच आकसतात. लेसर पाहतो ती हीच वरची मिलिमीटरभर त्वचा, आतली धमनी त्याला दिसतच नाही. आम्ही सहा महिने बाबांचा पाय मोजतोय असं समजत होतो आणि खरं तर ऋतू मोजत होतो. भौतिकशास्त्र शिकवूनही हे माझ्या लक्षात उशिरा आलं, याचं मला फार वाईट वाटलं. बाबांना ते सांगताना जड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग हे खोटं बोलून राहिलं होतं का?"

नाही, यंत्र खोटं बोलत नव्हतं. आमचा प्रश्न चुकीचा होता. त्या रात्री मी बाबांची वही घेऊन बसले. (आकडे वहीत लिहायचे हा त्यांचा हट्ट, आणि तो किती बरोबर होता हे पुढे येईलच.) दोन्ही पायांचे आकडे एकाच बैठकीत घेतलेले होते. डाव्याला उजव्याने भागत गेले. नोव्हेंबरात 0.7, जानेवारीत 0.7, मे महिन्यात 0.72. आकडा ऋतूप्रमाणे नाचत होता, पण दोन पायांमधलं प्रमाण जागचं हललं नव्हतं. उपयोगाची गोष्ट ती होती.

हे प्रमाण फेब्रुवारीत एकदाच कोसळलेलं दिसलं, तीन दिवस 0.5. तेव्हा आम्ही भागाकार करत नव्हतो, पण उजव्या पायाचा आकडा अचानक चढला म्हणून आईने तळवा उलटून पाहिला होता. नव्या सँडलने अंगठ्याखाली फोड आला होता आणि भोवती लाली पसरली होती. दाह झाला की तिथला रक्तप्रवाह वाढतो. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेली, म्हणून बाबांना काही कळलंच नव्हतं. फोड वेळेत दिसला, चिघळला नाही. तरी रोज रात्री आरशात तळवे पाहिले असते तर लेसरशिवायही तो दिसला असता. आता आम्ही तळवे रोज पाहतो.

दुसरा भाग ईसीजीचा, आणि पैसे वसूल केले ते त्यानेच. दोन्ही हातांची बोटं पट्टीवर ठेवून तीस सेकंद बसायचं. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या विलेम आइंटहोव्हेनच्या काळात रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे आणि यंत्र काही क्विंटल वजनाचं होतं. त्याच कामासाठी त्यांना 1924 साली नोबेल मिळालं. मार्चमध्ये सलग चार दिवस बाबांच्या ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं येत होतं. ते कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, पूर्ण बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा ईसीजी झाला, चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर लागलं आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, निघालं. रक्त पातळ ठेवण्याचं औषध सुरू झालं. बाबांना जराही त्रास जाणवत नव्हता. ते निदान तेव्हा झालं नसतं तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. पण नीट लक्षात ठेवा: या एका लीडच्या पट्टीवरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दुखलं तर यंत्र शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पट्टीच्या दोन अडचणी मात्र आहेत. हिवाळ्यात बोटं कोरडी पडतात आणि संपर्क होत नाही, तेव्हा बोटं पाण्याने ओलसर करावीत. उन्हाळ्यात बाबा कुलरसमोरून हलत नाहीत आणि पत्र्याच्या कुलरजवळ आलेखावर दाट थरथर उमटते. ती विजेच्या 50 हर्ट्झची. चार हात लांब बसलं आणि डबीचा चार्जर काढला की रेघ स्वच्छ येते.

ऑक्सिजनच्या क्लिपचं काम ठीक आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात घरोघरी ही क्लिप आली, त्यामुळे ती सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी रंगद्रव्य टोचून हृदयाची क्षमता मोजत होते आणि नाडीची थरथर त्यांच्या मोजमापात सारखी आडवी येत होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्या थरथरीलाच कामाला लावलं आणि पल्स ऑक्सिमीटर जन्मला. एप्रिल 2020 मध्ये, सारं जग त्यांच्या शोधावर विसंबलेलं असताना, ते गेले. क्लिपचा आकडा दोन-तीन टक्के इकडे-तिकडे असू शकतो. गार बोट आणि गडद नेलपॉलिश तिला चकवतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते, हे 2020 साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडे हे घरोघरी माहीत असायला हवं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या बाबतीतही या आकड्यावरून घरी निष्कर्ष काढू नये, त्यांचा नेहमीचा आकडा किती हे डॉक्टरांकडून समजून घ्यावं.

बीपीच्या पट्ट्याबद्दल थोडंच. पट्टा दंडाला घट्ट होत असेल तर दाब जास्त दिसतो, म्हणून माप पाहूनच घ्या. ठोके अनियमित असतील तर एका आकड्यावर जाऊ नका, आम्ही तीन घेऊन सरासरी काढतो.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात पट्ट्याची नळी गळायला लागली. सेवाकेंद्र दुसऱ्या शहरात, कुरिअरने नवा पट्टा यायला तीन आठवडे लागले आणि चौदाशे रुपये पडले. तरी त्या तीन आठवड्यांत बाकीचे तीन भाग सुरू होते, बाबांच्या ईसीजीत खंड पडला नाही. एकसंध यंत्र असतं तर सगळंच पाठवावं लागलं असतं. सुट्या भागांचा खरा फायदा मला तिथे कळला. मे महिन्यात घामाने चुंबकाजवळच्या पितळी टाचण्या काळवंडल्या आणि डबी मॉड्यूल ओळखेना. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्यावर ठीक झालं. यंत्र 10 ते 40 अंशांतच चालतं असं लिहिलेलं आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी वीज गेली की आमची खोली त्यापलीकडे जाते आणि डबी बंद पडते. या शहरात विकायचं असेल तर कंपनीने हे आधी सांगायला पाहिजे.

सगळ्यात जास्त राग आला तो अॅपचा. सहा महिन्यांनंतर जुने आलेख पाहायला वर्गणी मागितली. आमच्याच शरीराचे आकडे आम्हालाच दाखवायला पैसे! त्यात अॅप मराठीत नाही. बाबांची वही नसती तर डाव्या-उजव्याचा तो हिशेब करायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

ज्यांच्या घरी मधुमेह आणि हृदयाचा त्रास दोन्ही आहेत, त्यांनी डबी, ईसीजी आणि योग्य मापाचा पट्टा घ्यावा. लेसर मॉड्यूल नंतर घेता येतं, आणि रोज एकाच वेळी दोन्ही पाय मोजायची तयारी असेल तरच घ्यावं. आम्ही सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, दहा मिनिटं पडून राहिल्यावर मोजतो. बाबांनी वहीत आता एक नवा रकाना आखला आहे: खोलीचं तापमान. काल 29 अंश, डावा 44, उजवा 62. हेच मॉड्यूल विदर्भात आणखी कोणी वापरत असेल तर त्यांनीही खोलीचं तापमान लिहून ठेवावं. जानेवारीत आपले आकडे शेजारी ठेवून पाहायला मला फार आवडेल.