डेव्हिल्स लेक स्टेट पार्क : तळे एकच, पण तंबूची जागा नीट निवडावी

शिकागोच्या उपनगरांतील मराठी घरांत कॅम्पिंगचा विषय निघाला, की विस्कॉन्सिनमधील बाराबू गावाजवळच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कचे नाव हमखास पुढे येते. गेल्या तीन उन्हाळ्यांत आम्ही तेथे तीन वेळा मुक्काम केला, दर खेपेस निराळ्या कॅम्पग्राउंडमध्ये, आणि शेवटच्या वेळी भारतातून आलेले आई-बाबाही सोबत होते. १९११ साली स्थापन झालेले हे उद्यान उत्तम आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मात्र तंबू कोणत्या भागात ठोकला यावर मुक्काम किती सुखाचा होणार हे ठरते, असा आमचा अनुभव आहे.

कुटुंबांसाठी येथे तीन कॅम्पग्राउंड आहेत. क्वार्टझाइट हे उत्तर किनाऱ्याच्या पोहण्याच्या जागेला जवळचे आणि विजेची जोडणी असलेले, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही तेच घेतले. एके काळी तेथे गोल्फचे मैदान होते, हे तेथे पोहोचल्यावर सहज पटते, कारण जागा सपाट आणि मोकळी आहे, सावली बेताची आहे आणि शेजारच्या तंबूतील संभाषण आपल्या ताटापर्यंत येते. मोठ्या कॅम्पर गाड्यांसाठी ही जागा सोयीची असली, तरी जुलैच्या उन्हात लहान मुलाला दुपारी तंबूत झोपवण्याचा प्रयत्न आम्हाला दहा मिनिटांत सोडून द्यावा लागला. नॉर्दर्न लाइट्समध्ये झाडी आणि सोयी यांचा मेळ बरा आहे. आम्हाला सर्वांत आवडले ते आइस एज. ते दाट झाडीत असल्याने दोन तंबूंच्या मध्ये खरोखरीचा आडोसा मिळतो. बदल्यात तळ्यापर्यंत जास्त चालावे लागते आणि संध्याकाळी मुलांच्या पायांवर गोचिडी तपासण्याचे काम चुकत नाही.

उद्यानाचे मोल तळ्यात आणि त्याभोवतीच्या कड्यांत आहे. गुलाबी-जांभळट क्वार्टझाइटचे हे कडे पाण्यापासून सुमारे ५०० फूट उंच असून तो खडक १५० कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. हिमयुगात हिमनदीने आणलेल्या दगडमातीने घळीची दोन्ही तोंडे बुजली आणि मध्ये हे तळे अडले, त्यामुळे त्यातून एकही नदी वाहत बाहेर पडत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना येथे मनाई असल्याने पाण्यावर शांतता असते. ‘सैतानाचे तळे’ या नावाने आई सुरुवातीला जरा बिचकली होती. येथील मूळ रहिवासी हो-चंक लोक मात्र त्याला पवित्र तळे म्हणतात, हे कळल्यावर तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला आवर्जून नमस्कार केला.

पश्चिम किनाऱ्याने पडझडीच्या शिळांमधून जाणारी टम्बल्ड रॉक्स ही वाट आई-बाबांनी थांबत थांबत पुरी केली. बॅलन्स्ड रॉक या तोलून उभ्या असलेल्या शिळेकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या मात्र उभ्या आहेत. सिंहगड चढलेल्या माणसाला दम लागावा असे त्यात फारसे नाही, पण कड्याला कठडे नाहीत, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडू नये.

सरपणाचा नियम पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावा. अ‍ॅश जातीची झाडे पोखरून मारणाऱ्या किड्याचा प्रसार रोखण्यासाठी, उद्यानापासून १० मैलांच्या आतले किंवा प्रमाणित लाकूडच आत नेता येते. घरामागची फांदी तोडून गाडीत टाकण्याचा मोह आवरावा. शेकोटीच्या लोखंडी कड्यावर जाळी असते, तिच्यावर आम्ही वांगी भाजून भरीत केले आणि रस्त्यात शेतावरून घेतलेल्या कणसांना लिंबू, तिखट, मीठ चोळले. येथील मक्याचा गोडवा इतका आहे, की बाबांच्या मते त्याला तिखट जरा जास्तच लागते.

रात्री अन्न गाडीत कुलूपबंद ठेवावे. रॅकून नावाचा निशाचर येथे सराईत झालेला आहे, आणि आम्ही आळसाने टेबलाखाली ठेवलेली शीतपेटी त्याने उघडून दही आणि श्रीखंड फस्त केले. आईचा कडीचा स्टीलचा डबा तेवढा त्याला हरवून गेला. झाकणावर नखांचे ओरखडे आहेत, आतला चिवडा शाबूत. रात्री ११ नंतर शांततेचा नियम लागू होतो, पण पूर्व किनाऱ्यालगतच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीला तो लागू नाही, म्हणून झोप सावध असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे बरोबर न्यावेत.

सुट्टीच्या शनिवार-रविवारी वाहनतळ सकाळीच भरू लागतो, तेव्हा मुक्कामाला असणाऱ्यांनी गाडी न हलवता पायी तळे गाठावे. राज्याबाहेरच्यांना जागेचे भाडे आणि गाडीचा प्रवेश दोन्ही जास्त पडतात, तरी हॉटेलच्या तुलनेत खर्च हलकाच राहतो. आरक्षण ११ महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातील शनिवार लवकर संपतात. पुढच्या ऑगस्टसाठी आम्ही या सप्टेंबरातच आइस एजमधील आतल्या वळणावरची जागा घेऊन ठेवली आहे, आणि आईने भारतात परतताना तिचा तो डबा आमच्याकडेच ठेवला आहे.