एन१०० होम सर्व्हर: दिवाळी ते पावसाळा, आणि मध्ये तो अडॅप्टर

दिवाळीत घेतलेला हा डबा, म्हणजे इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा, चार हार्ड डिस्कांचे खण (बे) असलेला घरगुती सर्व्हर, जूनमध्ये बंद पडला. ऐरोलीत पहिल्या जोरदार पावसात लाईट गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर बटण दाबलं की अडॅप्टरचा हिरवा दिवा मिणमिणायचा, डिस्क 'टक्' करून फिरू लागायच्या आणि तेवढ्यात सगळं गप्प. बोर्ड उडाला असं वाटून धडकीच भरली. उडाला होता फक्त अडॅप्टर.

दुकानदार म्हणतो, अडॅप्टर वॉरंटीत येत नाही. डब्यासोबतच आला, बिलात वेगळा धरला नाही, मग का येत नाही? तर म्हणे, "साहेब, प्रोसेसर ६ वॉटचा, अडॅप्टर ६० चा. दहापट दिलाय, अजून काय पाहिजे?"

अहो, ६ वॉट हा इंटेलने नुसत्या प्रोसेसरसाठी दिलेला आकडा. बोर्ड, पंखा, डिस्क त्यात कुठे आल्या? साडेतीन इंची डिस्क एकदा फिरू लागली की चार-पाच वॉटवर भागवते. पण थांबलेली तबकडी फिरवताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॉट. दोन डिस्क एकदम उठल्या की ४८. माझ्याकडे दोनच आहेत म्हणून इतके दिवस निभावलं. चारही बे भरणाऱ्याने काय करायचं? चार बेच्या डब्याला ६० वॉटचा अडॅप्टर ही निव्वळ चिकटपणाची हद्द आहे. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्ट १० अँपिअरचा आणला, पदरचे पैसे घालून. जुना अडॅप्टर सोबत घेऊन जा, पिन जाडीला जुळते का ते तिथेच लावून बघा.

त्या रागात एकच स्टार देणार होतो. पण नवीन अडॅप्टरसोबत प्लगमध्ये लावायचा वॉटमीटरही घेतला, आणि मत जरा बदललं.

आधीचा सर्व्हर म्हणजे चौथ्या पिढीचा जुना आय५ डेस्कटॉप. त्याच दोन डिस्कांसह तो नुसता बसून ४८ वॉट खायचा. एक वॉट वर्षभर चालला की ८.७६ युनिटं होतात, तेव्हा ४८ वॉटची महिन्याला ३५ युनिटं. आमचं घर उन्हाळ्यात ३०० च्या आसपास असतं, म्हणजे महावितरणच्या महागड्या स्लॅबात ढकलणारी हीच ३५. नवा डबा २४ वर आला. निम्मा! तरी मला ते २४ खुपत राहिले.

पॉवरटॉप (कोण किती वीज खातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पाहिलं तर प्रोसेसर सी३ च्या खाली झोपतच नव्हता; सी च्या पुढचा आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ आणि वीज कमी. बोर्डावरची साटा चिप, म्हणजे डिस्क जोडणारी चिप, जेएमबी५८५ निघाली. ती एएसपीएम (काम नसताना जोडणी झोपवून वीज वाचवायची सोय) नीट पाळत नाही आणि प्रोसेसरला जागं ठेवते. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती बंद केली, बोर्डावरच्या एम.२ खाचेत एएसएम११६६ या दुसऱ्या साटा चिपचं कार्ड बसवलं, त्याचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) बदललं, तेव्हा कुठे सी८ दिसलं. मीटरवर १७. कार्डाचे पैसे वसूल व्हायला दोनेक वर्षं जातील, असं बायकोने हिशोब करून दाखवलंय. जाऊ दे. घेताना साटा चिप कुठली ते विचारा, रॅम-बिम नंतर.

डिस्क वीस मिनिटांनी झोपवायची सेटिंगही ठेवली होती. पण बाबांनी टीव्हीवर अभंगांचा फोल्डर उघडला की दहा सेकंद काहीच हालचाल नाही, मग हाक: "अरे, तुझं ते परत बंद पडलं!" काढून टाकली. डिस्क फिरत राहू देत, सारखी चालू-बंद करूनही झिजतेच.

बाकी तक्रार नाही. चौघांच्या फोनचे फोटो रात्री आपोआप येतात, आवाज फक्त डिस्कचा, डबा कोमट सुद्धा होत नाही. तीन स्टार. दुकानदाराने अडॅप्टर बदलून दिला असता तर चार.

आता लाईटच्या भीतीने छोटा यूपीएस लावलाय, तर तो एकटाच ९ वॉट खातोय. कमी खाणारा कुणाकडे असेल तर सांगा, मीटरवरचा आकडा सांगा, खोक्यावरचा नको.